डोकं लहान, रक्त जास्त: झेब्राफिशच्या एका जोडीचं प्रकरण

झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भांच्या २४ तासांच्या दोन डिश मायक्रोस्कोपखाली आल्या तेव्हा ११८ पैकी ३१ गर्भ भावंडांपेक्षा वेगळे होते. डोळे आणि मेंदूचा पुढचा भाग लहान. बलकाचं निमुळतं टोक जिथे संपतं तिथे, शेपटीच्या खालच्या अंगाला, रक्तपेशींच्या पुंजक्याचा ठळक फुगवटा. शेपटीखालची पराची पातळ पट्टी एकेरी असायला हवी, ती दुपदरी आणि काहींत तिपदरी. नोटोकॉर्ड (पुढे जिथे कणा बनतो तो दांडा) मात्र प्रत्येकात शाबूत, हृदयही हलत होतं. बाकीच्या ८७ गर्भांत खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

जोडी होती ईएनयू (डीएनएत बदल घडवणारं रसायन) देऊन तयार केलेल्या म्युटेशनच्या तिसऱ्या पिढीच्या छाननीतली: एकाच एफ-२ (दुसऱ्या पिढीच्या) कुटुंबातला नर आणि मादी. अशा कुटुंबात निम्मी भावंडं वाहक (जनुकाची एक प्रत बिघडलेली, पण स्वतः निरोगी) असतात, म्हणून कुठलीही जोडी उचलली तर दोघं वाहक निघण्याची शक्यता चारात एक. (मोजणीचे आकडे इथे पद्धत दाखवण्यापुरते घेतले आहेत, जनुकं, त्यांची कामं आणि प्रयोगाची कृती जशी आहे तशीच दिली आहे.)

प्रश्न साधा दिसतो: कोणतं जनुक बिघडलं? पण २४ तासांचं रूप हा या प्रश्नाचा सर्वात कच्चा पुरावा आहे. शरीराचा आराखडा ठरतो पहिल्या दहा तासांत. २४ तासांना दिसतो तो त्या निर्णयांचा हिशेब, आणि एकच बेरीज अनेक वाटांनी येते.

आधी खोटी कारणं

डोकं लहान दिसण्याची सर्वात सामान्य कारणं जनुकाशी संबंधित नसतातच. इन्क्युबेटर २८.५ °से ऐवजी २५ °से वर असेल तर गर्भ मागे पडतात. हिशेबाचं ठरलेलं सूत्र आहे: तापमानाला ०.०५५ ने गुणायचं, त्यातून ०.५७ वजा करायचे, आणि आलेल्या आकड्याने २८.५ °से वरच्या तासांना भागायचं. २५ °से ला हा आकडा ०.८०५ येतो. म्हणजे तिथे घड्याळात २४ तास झाले तरी गर्भ जेमतेम १९ तासांचा असतो, आणि त्या वयाला डोकं लहान असणारच. म्हणून वय घड्याळावरून न ठरवता सोमाइट (पाठीच्या दोन्ही बाजूंना क्रमाने पडणारे खंड) मोजून ठरवावं: पहिले सहा ताशी तीनच्या वेगाने पडतात, पुढचे ताशी दोनच्या. या डिशमध्ये लहान डोक्यांच्या गर्भांचे आणि भावंडांचे सोमाइट जवळपास सारखेच होते. उशीर हे कारण बाद.

दुसरं कारण गर्दी आणि कुजकी अंडी. १०० मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ५०-६० गर्भ पुरे. पाणी ई-३ चं: सोडियम क्लोराइड ५ मिलीमोलार, पोटॅशियम क्लोराइड ०.१७, कॅल्शियम क्लोराइड ०.३३ आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.३३. फलन न झालेली अंडी चार ते सहा तासांच्या आत काढून टाकली नाहीत तर रात्रभरात डिश खराब होते आणि सकाळी निम्मे गर्भ आजारी दिसतात. इथे १२६ अंड्यांतली आठ अशीच काढली होती, उरली ११८, तीही दोन डिशमध्ये वाटलेली.

तिसरं कारण पेशी मरणं, आणि ते जास्त फसवं आहे. मेंदूतल्या पेशी मोठ्या संख्येने मेल्या तरी डोकं लहान होतं. पण ते करडं, धुरकट दिसतं. निरोगी पेशींतून प्रकाश आरपार जातो, मेलेल्यांतून जात नाही. खात्री करायची तर अ‍ॅक्रिडिन ऑरेंजने रंगवावं. इथे लहान डोकी काचेसारखी स्वच्छ होती. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या; डोक्याच्या वाट्याला मुळात कमी आल्या होत्या.

आणि त्या गेल्या कुठे, हे रक्ताच्या फुगवट्यावरून दिसतंच.

एक चतुर्थांश म्हणजे काय

११८ च्या चौथ्या हिश्शाला २९.५ गर्भ अपेक्षित, मिळाले ३१. काय-वर्ग (अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतली तफावत मोजणाऱ्या) चाचणीचं मूल्य ०.१० येतं, ३.८४ च्या खाली असेल तर १:३ चं प्रमाण नाकारायला आधार नाही. त्याच मादीची बाहेरच्या निरोगी नराशी जोडी लावल्यावर एकही गर्भ बिघडला नाही. दोन्ही मिळून अर्थ असा: दोष अप्रभावी आहे (दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसतो) आणि तो गर्भाच्या स्वतःच्या जनुकात आहे, आईने अंड्यात भरलेल्या मालात नाही.

हा फरक वरवरचा नाही. झेब्राफिशचा गर्भ पहिले तीन तास आईच्या आरएनएवर आणि प्रथिनांवर चालतो. स्वतःची जनुकं तो साधारण हजार पेशींच्या टप्प्यावर सुरू करतो. पाठीची बाजू कोणती हे ठरवणारा पहिला इशारा त्याही आधीचा. फलनानंतर अंड्याच्या खालच्या ध्रुवावरचा ऐवज सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून एका बाजूला सरकतो, त्या बाजूच्या केंद्रकांत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठतं, आणि तीच पुढे पाठीची बाजू होते. हा टप्पा बिघडला तर दोष आईचा असतो. बाप कोणीही असो, त्या मादीचे सगळे गर्भ बिघडतात आणि तेही भयंकर: ना डोकं, ना नोटोकॉर्ड. आईकडच्या बीटा-कॅटेनिन-२ च्या कमतरतेने होणारा इकाबॉड हा याचा नमुना; २०१८ मध्ये वर्णिलेला हुलुवा हा दुसरा. आपल्या जोडीत नोटोकॉर्ड शाबूत आहे आणि फक्त चौथाई गर्भ बिघडले आहेत. त्यामुळे पहिले तीन तास संशयाबाहेर.

पाठ, पोट आणि शब्दांचा घोळ

या टप्प्यातल्या गर्भाच्या एका बाजूला आपण पाठीची म्हणतो आणि दुसरीला पोटाची. पण सहा तासांच्या गर्भात पाठीच्या बाजूच्या पेशींतून डोक्याचा मोठा भाग आणि नोटोकॉर्ड बनतो, तर पोटाच्या बाजूच्या बऱ्याच पेशी रक्तात आणि शेपटीत जातात. म्हणून पाठीचा वाटा घटला की नुसती पाठ नाही तर डोकं घटतं, आणि पोटाचा वाढला की रक्त आणि शेपटीखालची पट्टी वाढते. नवख्यांची इथे हमखास गल्लत होते: लहान डोकं पाहून ते पुढे-मागे (डोकं ते शेपटी) अक्षाची जनुकं शोधत बसतात.

हे वाटे बीएमपी नावाच्या स्रवणाऱ्या प्रथिनांच्या चढ-उताराने ठरतात. झेब्राफिशमध्ये मुख्य काम बीएमपी-२बी आणि बीएमपी-७ च्या जोडरेणूचं. पोटाकडे त्याचं प्रमाण सर्वाधिक, पाठीकडे नगण्य. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला बीएमपी चिकटलं की पेशीतल्या स्मॅड-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढतो आणि ते केंद्रकात जातं. जिथे खूप, तिथे रक्त आणि त्वचा. जिथे जवळजवळ नाही, तिथे मेंदू. बाह्यस्तराच्या (ज्यातून त्वचा आणि चेतासंस्था बनते त्या थराच्या) पेशीला चेतापेशी व्हायला बीएमपी लागत नाही, उलट त्याची गैरहजेरी लागते.

ही गैरहजेरी राखणारी जागा म्हणजे ऑर्गनायझर. १९२४ मध्ये श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी सॅलमँडरच्या गर्भातला हा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला आणि तिथे दुसरं शरीर उभं राहिलं. त्या तुकड्यातून नेमकं काय स्रवतं हे कळायला सुमारे सात दशकं गेली: नॉगिन १९९२ मध्ये, कॉर्डिन १९९४ मध्ये, दोन्ही बेडकात. दोघं बीएमपीला बाहेरच पकडून ठेवतात, ग्राहकापर्यंत पोहोचू देत नाहीत. कॉर्डिनला कात्री लावणारं प्रथिन टॉलॉइड. कॉर्डिन तुटलं की अडकलेलं बीएमपी सुटतं. त्या कात्रीला आवर घालणारं प्रथिन सिझल्ड, आणि गंमत म्हणजे ते पोटाच्या बाजूला, खुद्द बीएमपीच्या हुकमाने बनतं. बीएमपी स्वतःचा लगाम स्वतःच तयार करतं.

संशयितांची यादी

आता दोष कुठे असू शकतो ते पाहू. खालची नावं आधीच माहीत असलेल्या झेब्राफिश म्युटेशनची आहेत. बीएमपी कमी पडलं असतं तर चित्र उलटं असतं: गर्भ लांबोडका, शेपटी नाहीशी, टोकाच्या प्रकारात गोगलगाईसारखी गुंडाळी. स्वर्ल म्हणजे बीएमपी-२बी, स्नेलहाउस म्हणजे बीएमपी-७ आणि सोमिटाबुन म्हणजे स्मॅड-५ हे सगळे त्या गटातले. ते बाद.

बोझोझोकमध्ये ऑर्गनायझरच नीट उभा राहत नाही, म्हणून नोटोकॉर्डही जातो. इथे नोटोकॉर्ड आहे. हेडलेसमध्ये डोळे आणि पुढचा मेंदू जातो, पण कारण व्हिंट (पेशींमधल्या निरोपांची आणखी एक साखळी) संकेत न आवरणं हे आहे. तो पुढे-मागे अक्षाचा बिघाड, आणि त्यात रक्ताचा पुंजका फुगत नाही. लहान डोक्याबरोबर जास्त रक्त ही जोडगोळी त्यामुळे फार उपयोगाची. एकटं लहान डोकं काहीच सांगत नाही.

उरले दोन: कॉर्डिनो, म्हणजे कॉर्डिनच नाही, आणि ऑगॉन, म्हणजे सिझल्ड नाही आणि कॉर्डिन अवाजवी वेगाने तुटतं. २४ तासांना दोघांत शेपटीखालची पट्टी अनेकपदरी होते, दोघांत रक्त वाढतं. ऑगॉनमध्ये डोकं तुलनेने कमी बिघडतं. पण सौम्य कॉर्डिनो आणि तीव्र ऑगॉन शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेवर पैज लावू नये.

घड्याळ मागे नेणं

त्याच जोडीची अंडी पुन्हा घेऊन तीन वेळांना स्थिर केली, म्हणजे रसायनाने आहेत त्या अवस्थेत थांबवली: ६ तास, ८ तास आणि ५ सोमाइट. सहा तासांना कोणता गर्भ बिघडलेला आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून पुरेसे गर्भ घ्यावे लागतात. फक्त १० घेतले तर त्यांत एकही बिघडलेला नसण्याची शक्यता ०.७५ चा दहावा घात, म्हणजे ५.६ टक्के, २० घेतले तर ०.३ टक्के. पण एक सापडणं वेगळं आणि प्रमाण मोजणं वेगळं. प्रत्येक वेळेला प्रत्येक प्रोबसाठी (एका जनुकाचा आरएनए शोधून दाखवणारा तुकडा) ४० हे शहाणपणाचं.

इन सिटू हायब्रिडायझेशनची (जनुक गर्भात कुठे चालू आहे ते रंगाने दाखवण्याची) कृती नेहमीची: ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ४ °से ला रात्रभर, मग मेथनॉलमध्ये -२० °से ला. प्रोब आत शिरावा म्हणून वापरतात ते प्रथिनं पचवणारं प्रोटिनेझ के इथे घात करतं. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे प्रमाण २४ तासांच्या गर्भाला १० मिनिटं चालतं, पण ६-८ तासांच्या गर्भाला नाममात्र किंवा मुळीच नको. नाहीतर गर्भ बलकावरून सालीसारखा सुटून येतो. दुसरी चूक रंग चढवताना होते. एनबीटी-बीसीआयपी हे रंग देणारं मिश्रण जास्त वेळ ठेवलं की कमी आणि जास्त दोन्ही गर्द जांभळे दिसतात आणि जो फरक पाहायचा तोच बुजतो. बिघडलेले आणि निरोगी गर्भ एकाच नळीत, एकाच वेळी रंगवावेत. वेगळ्या नळ्यांची तुलना करून काढलेला निष्कर्ष न काढलेला बरा.

सहा तासांना ऑर्गनायझरची खूण असलेलं गूसकॉइड जनुक सगळ्या गर्भांत चालू होतं. ऑर्गनायझर जागेवर उभा राहिला, म्हणजे वरची साखळी ठीक. आठ तासांना चित्र फाटतं. गाटा-२ हा भावी त्वचेचा खूणप्रोब. वरून, प्राणीध्रुवाकडून पाहिलं की निरोगी गर्भात त्याच्या दोन कडांमध्ये पाठीकडे एक रुंद मोकळी जागा दिसते. तीच भावी चेतापट्टी. चौथाई गर्भांत ती जागा अरुंद होती, कडा पाठीकडे सरकल्या होत्या. ५ सोमाइटला गाटा-१ चे रक्ताचे पट्टे त्याच प्रमाणात रुंद.

या क्रमातून दोन गोष्टी ठरतात. ऑर्गनायझर बनला, पण त्याचा शब्द दूरवर पोहोचला नाही. आणि बिघाड लवकर सुरू झाला, कारण पाठ-पोटाचा निर्णय सगळ्या अंगाचा एकदम होत नाही: डोक्याचा आधी, धडाचा मग, शेपटीचा शेवटी. डोरसोमॉर्फिनसारखं बीएमपी रोखणारं औषध वेगवेगळ्या तासांना घातलं की हे सरळ दिसतं. गॅस्ट्रुलेशनच्या (पेशी सरकून शरीराचे थर बनण्याच्या) वेळी घातलं तर सगळा गर्भ बिघडतो, १२ तासांना घातलं तर जवळपास फक्त शेपटीखालची पट्टी जाते. आपल्या गर्भांत डोक्यालाही फटका आहे, म्हणजे बीएमपी अगदी सुरुवातीपासून मोकाट होतं.

इंजेक्शन, आणि त्यातला सापळा

पहिला मोह असा होतो की कॉर्डिनचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप) टोचावा आणि गर्भ सुधारले तर कॉर्डिन हेच उत्तर मानावं. ही चाचणी काही ठरवत नाही. ऑगॉनमध्येही बाहेरून भरपूर कॉर्डिन दिलं की कात्री अपुरी पडते आणि गर्भ सुधारतो. बादलीला भोक असो वा नळ बंद असो, वरून पाणी ओतलं की दोन्हीत पातळी वाढणारच.

निकाल देणारा प्रयोग सिझल्डचा. सिझल्ड कॉर्डिनला वाचवतं. वाचवायला कॉर्डिनच नसेल तर त्याला कामच नाही. ऑगॉन असेल तर सिझल्डचा एमआरएनए गर्भ सुधारेल. कॉर्डिनो असेल तर कितीही दिला तरी सुधारणार नाही.

टोचायचं ते एकपेशी अवस्थेत, फलनानंतर पहिल्या ४० मिनिटांत. थेंब १ नॅनोलिटरचा: खनिज तेलात सोडून मायक्रोमीटरच्या पट्टीवर मोजला तर व्यास ०.१२ मिलिमीटरच्या थोडा वर येतो. द्रावण ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असेल तर अशा एका थेंबात ५० पिकोग्रॅम जातात. आधी निरोगी गर्भांवर १०, २५, ५०, १०० अशी चढण लावून पाहावी, कारण एमआरएनएच्या प्रत्येक खेपेचा जोर वेगळा असतो. सोबत तेवढ्याच मात्रेत एखाद्या निरुपद्रवी एमआरएनएचं, उदाहरणार्थ जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं, इंजेक्शन हवंच.

आता डिश पाहा. सिझल्ड टोचलेल्या गर्भांत तीन चतुर्थांशांची शेपटी आखडलेली आणि गुंडाळलेली: निरोगी भावंडांत बीएमपी दबल्याची खूण. आणि त्यांच्याच शेजारी, तेवढंच सिझल्ड पोटात घेऊन, एक चतुर्थांश गर्भ पूर्वीसारखेच लहान डोक्याचे आणि फुगलेल्या रक्तपुंजक्याचे. टोचणं फसलं म्हणून ते तसे राहिले का? भावंडांवर परिणाम झाला, पण तेवढ्याने प्रत्येक गर्भाची खात्री होत नाही. त्यासाठी सिझल्डबरोबर थोडा जीएफपीचा एमआरएनए मिसळतात आणि न चमकणारे गर्भ मोजणीतून काढून टाकतात. चमकणाऱ्यांतही चौथाईच बदलली नाही, तेव्हा ऑगॉन यादीतून गेला.

सापळा मोजणीत आहे. कॉर्डिन टोचलेल्या डिशमध्ये बिघडलेले गर्भ सुधारून निरोगी दिसतात आणि निरोगी गर्भ उलट दिशेला बिघडतात. नुसते प्रकार मोजले तर सुधारलेला कोण आणि मुळात निरोगी कोण हे कळत नाही. प्रत्येक गर्भाचा फोटो काढून, मग त्याचा डीएनए काढून जीनोटाइप (जनुकाच्या कोणत्या प्रती आहेत ते) पाहावा. ५० मिलीमोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ °से ला उकडून, एक दशांश आकारमान ट्रिस घालून निवळलं की पीसीआरपुरता डीएनए मिळतो.

मॉर्फोलिनोचा, म्हणजे एखाद्या जनुकाचं प्रथिन बनू न देणाऱ्या कृत्रिम तुकड्याचा, पर्यायही असतो. कॉर्डिनचा मॉर्फोलिनो हा २००० मध्ये या तंत्राच्या पहिल्या यशांपैकी एक होता आणि कॉर्डिनोचं रूप तो चांगलं उभं करतो. पण बऱ्याच मॉर्फोलिनोंनी लक्ष्याबाहेर पी५३ हे पेशींना मरायला लावणारं प्रथिन जागं होतं, चेतापेशी मरतात आणि डोकं लहान होतं. म्हणजे नेमकं तेच लक्षण, ज्याचा शोध चालू आहे. धुरकट डोकं आणि न वाढलेलं रक्त दिसलं तर तो मॉर्फोलिनोचा प्रताप समजावा.

शिक्कामोर्तब

शेवटचा पुरावा जोडीचाच. आपल्या कुटुंबातल्या वाहकाची कॉर्डिनोच्या माहीत असलेल्या वाहकाशी जोडी लावली: चौथाई गर्भ बिघडले. ऑगॉनच्या वाहकाशी लावली: एकही नाही. दोन म्युटेशनं एकमेकांची उणीव भरून काढू शकली नाहीत, म्हणजे दोन्ही एकाच जनुकात आहेत. त्यानंतर कॉर्डिनचं क्रमवाचन ही औपचारिकता उरते, पण ती टाळू नये: नवा बदल आणि रूप यांची साथ दर पिढीत, प्रत्येक गर्भात जुळते का हे त्यावरच तपासता येतं.

कॉर्डिन मुळीच नसताना या गर्भांना डोकं थोडंफार तरी कसं येतं, हा प्रश्न उरतो. कारण राखणदार एकटा नाही. झेब्राफिशमध्ये नॉगिन-१ आणि फॉलिस्टॅटिनसारखं एक प्रथिन कॉर्डिनबरोबर काढून घेतलं तर गर्भ कितीतरी जास्त बिघडतो. उंदरात कॉर्डिन गेल्याने सुरुवातीचा आराखडा फारसा हलत नाही, पण नॉगिन आणि कॉर्डिन दोन्ही गेले की पुढचा मेंदू बनत नाही.

वंश सांभाळताना निरोगी दिसणाऱ्या भावंडांत तीनांत दोन वाहक असतात. शेपटीच्या पराचा कपचा घेऊन जीनोटाइप करावा, आणि दर पिढीला बाहेरच्या निरोगी माशाशी जोडावं, म्हणजे ईएनयूने केलेले बाकीचे बदल गळून पडतात. बिघडलेले गर्भ सरसकट फेकू नयेत. त्यांतले काही मोठे होतात, शेपटीकडच्या सांगाड्यातले दोष घेऊन. गोल्डफिशच्या जुळ्या शेपटीमागेही हेच जनुक आहे. गोल्डफिशच्या पूर्वजात सगळा जनुकसंच दुप्पट झाला, त्यामुळे कॉर्डिनच्या दोन प्रती झाल्या. जुळ्या शेपटीच्या जातींत त्यांतल्या एका प्रतीत अकाली थांबा-संकेत (प्रथिन अर्धवट सोडणारा) आहे. दुसरी प्रत शाबूत असल्याने डोकं नीट बनतं, आणि उणीव दिसते ती फक्त शेपटीत.